दुखत नाही म्हणून दाखवलं नाही

‘मधुमेह आणि पाय’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. खानापूरपासून अथणीपर्यंतची पत्रं आली. टिळकवाडीतल्या माझ्या दवाखान्यात जे रोज कानावर येतं, तेच बहुतेक पत्रांत होतं. त्यातली पाच निवडली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण ते थोडक्यात सांगून भागणारं नाही.

प्रश्न: माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. शुगर होऊन १४ वर्षं झाली. खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. रोप लावणीच्या वेळी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला भोक पडल्यासारखी जखम झाली. कडेची कातडी जाड आणि पांढरी झाली आहे. पाणी येतं, थोडा वासही येतो. मामंजी त्यावर चुना आणि हळद लावतात, वर चिंधी बांधतात आणि परत चिखलात उतरतात. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, ‘दुखूलालंय कुठं? मग दाखवू काय?’ त्यांना कसं समजवावं?
(एक सून, खानापूर तालुका)

उत्तर: ताई, तुमचं पत्र हाती पडलं त्याच दिवशी संपादकांकरवी तुम्हाला निरोप धाडला होता की, आजच्या आज पाय दाखवा. आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मामंजींसारखे वडीलधारे आपल्या भागात घरोघरी आहेत.

मामंजी हट्टीपणा करत नाहीत, खोटंही बोलत नाहीत. त्यांना खरंच दुखत नाही. दुखत नाही हाच त्यांचा आजार आहे. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बधिरपणा तिथून सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो. तुमच्या-माझ्या तळव्याला एवढी जखम झाली असती, तर आपण पाय टेकला नसता, लंगडत चाललो असतो. त्या लंगडण्यानेच जखमेला विश्रांती मिळते. मामंजी सरळ चालतात, त्यामुळे प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार त्याच भोकावर पडतो. कडेची पांढरी जाड कातडी म्हणजे घट्टा. तो वरून कोरडा दिसतो, पण खाली पोकळी वाढत असते. वरून चिंचोक्याएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून या जखमेचं पहिलं औषध मलम नव्हे. तिच्यावरचा भार काढायला हवा. हे आपल्या देशात फार आधी कळलेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप सडून गळतात असा तेव्हा समज होता. संवेदना गेलेल्या हातापायांना नकळत इजा होत राहते आणि त्या इजेनं बोटं जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पायाला नीट प्लास्टर घालून भार सगळीकडे वाटून दिला, तर वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरत. मधुमेहाच्या पायाला आज आपण तेच करतो. प्लास्टर, खास बूट किंवा जखमेची जागा मोकळी ठेवणारं जाड फेल्ट, यातलं काय वापरायचं ते डॉक्टर पाय पाहून ठरवतील.

दवाखान्यात काय व्हायला हवं ते सांगते, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. घट्टा आणि मेलेली कातडी कापून जखम मोकळी करायला हवी. आत हाड लागतं का ते सळईनं तपासायला हवं, एक्सरे काढायला हवा. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते बघायला हवं, कारण रक्तच पोचत नसेल तर कुठलीही जखम भरणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि शुगरची तपासणी आलीच. जंतुसंसर्ग असेल तर शुगर गोळ्यांनी आवरत नाही, तेवढ्यापुरतं इन्सुलिन लागू शकतं. ‘एकदा घेतलं की जन्मभराचं’ या भीतीनं नको म्हणू नका. हाडात संसर्ग गेला असेल तर जंतुनाशक औषध कित्येक आठवडे चालतं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून ते सोडायचं नाही.

चुना आधी बंद करा. चुन्यानं कातडी भाजते आणि मामंजींना ती भाजलेलीही कळणार नाही. हळदीचा लेप वाळून खपली धरतो, आतली घाण आतच राहते. शिवाय पिवळ्या रंगाखाली कातडी लाल झाली आहे का, तेच दिसत नाही. जखम सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवावी, वर स्वच्छ गॉज, पट्टी सैल. आणि जखम भरेपर्यंत चिखल नाही म्हणजे नाही. लावणीला माणूस मिळत नाही, रोजगार महाग झालाय, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते.

थंडी वाजून ताप आला, लाली पसरत वर चढू लागली, बोट काळं-निळं पडलं किंवा शुगर एकाएकी वाढली, तर रात्र काढू नका. जिल्हा रुग्णालय गाठा.

आता समजवायचं कसं? मी दवाखान्यात समजवत बसत नाही, दाखवते. मामंजींना खाटेवर बसवा, डोळे मिटायला सांगा. नातवाला म्हणावं, आजोबांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा बोटं, एकेक करून टोकाला बोटानं हलकेच टेक. दाबायचं नाही, ढोसायचं नाही, एक-दोन सेकंद नुसतं टेकायचं. स्पर्श झाला की आजोबांनी ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर संवेदना गेली असं धरायचं. दवाखान्यात हीच तपासणी १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्यानं करतात. नातू बोट टेकून उभा आहे आणि आजोबा ‘कधी लावणार?’ म्हणून विचारतायत, असं झालं की माणूस गप्प होतो आणि मग ऐकतो. शब्दांनी न पटलेलं असं पटलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

जखम भरल्यावरही पाय बधिरच राहणार. म्हणून पुढच्या पावसाळ्यात गमबूट हवेत, आत सुती मोजे, आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवून बघायचं. खडा, काटा, विंचू, काहीही असतं. तुमच्याकडचा पाऊस कणकुंबीच्या बाजूचा, मुसळधार, चिखल्या होणारच. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा आणि तिथली कातडी पांढरी पडून सोललेली दिसली तर बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. चिखल्यांच्या भेगेतूनच जंतू आत शिरतात.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. भाताची पोती घरात, मामंजी खाली अंथरुणावर झोपत असतील, तर उंदीर. बधिर पायाचं बोट उंदरानं रात्री कुरतडलं आणि सकाळी चादरीवरचं रक्त बघून कळलं, असे रुग्ण येतात. त्यांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचा.

मामंजी तंबाखू खात किंवा ओढत असतील तर तीही सुटायला हवी. तिनं रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्या पायाला आत्ता रक्ताचीच गरज आहे.

प्रश्न: अथणी तालुक्यात आमचा पिढीजात चपलांचा धंदा. वय ५२. शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, कोल्हापुरी घालू नका. मी कोल्हापुरी बनवून पोट भरतो आणि मीच घालायची नाही? मग काय घालू?
(एक कारागीर, अथणी तालुका)

उत्तर: अण्णा, तुमच्या हातच्या चपलेत खोट नाही. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, तो तुमच्यासारख्यांमुळेच. आधी पायाची संवेदना तपासून घ्या. ती शाबूत असेल आणि नाडी चांगली असेल, तर रुळलेली मऊ चप्पल थोडा वेळ घालायला मी हरकत घेणार नाही. संवेदना गेली असेल तर मात्र नको. अंगठ्यात अडकणारी चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळून धरावी लागतात, अंगठ्याच्या बेचक्यात चामडं घासतं, मागून पट्टा नसल्यानं ती नकळत निसटते. नवी कोल्हापुरी चावते हे सगळ्यांना माहीत आहे. चावल्याचं कळत नसेल तर फोड येऊन फुटेपर्यंत माणूस चालत राहतो.

पण तुमच्या हातात जी कला आहे ती माझ्या दुसऱ्या कुठल्या रुग्णाकडे नाही. स्वतःसाठी बनवा! संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची आखणी करा. दोन्ही पाय सारखे नसतात. सगळ्यात लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा सोडा. वरच्या थराला एमसीआर, म्हणजे मऊ बारीक छिद्रांचं रबर, १० ते १२ मिलिमीटर जाडीचं. अंगठ्याने दाबलं की दबायला हवं आणि सोडलं की परत वर यायला हवं. खालचा तळ कडक, काटा आत येणार नाही असा. पुढे बोटांना ऐसपैस जागा, अंगठा अडकवायचा पट्टा नको, वरून रुंद मऊ पट्टे आणि टाचेमागे पट्टा. खिळा एकही नको. तुम्ही चामड्याच्या वादीनं शिवता ते चांगलंच आहे, फक्त शिवणीची गाठ पायाच्या बाजूला येऊ देऊ नका. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच घाला, काढल्यावर पाय बघा. लाल डाग अर्ध्या तासानंतरही राहिला, तर तिथे दाब पडतो आहे, ती जागा सैल करा. एमसीआर चेपून पातळ झालं की बदलायचं.

तुम्ही दिवसभर मांडी घालून बसता. बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जाऊन तिथे घट्टा पडतो आणि पुढे जखम होते. हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. घोट्याखाली जाड गादी घ्या, अधूनमधून पाय पसरा, रोज त्या जागेवर बोट फिरवून बघा. कारखान्यात अनवाणी फिरू नका, आरीचं तुटलेलं टोक कुठे पडलेलं असेल सांगता येत नाही. आणि रापी चामड्यासाठीच. कुरूप किंवा घट्टा रापीनं तासायचा नाही, दुकानातली कुरूपपट्टीही लावायची नाही. त्यात आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं.

तेल न लावलेलं चामडं चिरतं हे तुम्ही रोज बघता. टाचेचंही तसंच आहे. रात्री टाचांना आणि तळव्यांना खोबरेल किंवा साधं क्रीम चोळा, फक्त बोटांच्या बेचक्यांत नको.

प्रश्न: सौंदत्तीला अनवाणी येईन असा यल्लम्माचा नवस आहे. माघातल्या पौर्णिमेला जायचं आहे. मला ९ वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तळवे जड-जड वाटतात. मुलगा म्हणतो, नको. नवस कसा मोडू?
(एक भगिनी, संकेश्वर)

उत्तर: अक्का, नवस मोडा असं मी म्हणणार नाही. तळवे जड वाटतात म्हणजे संवेदना कमी झाली असण्याचा संभव आहे. ती तपासणी जत्रेआधी करून घ्या. ती कमी निघाली तर लांब अनवाणी चालणं टाळा. घरातल्या थोरांशी बोला, तुमच्या वतीनं मुलगा किंवा सून अनवाणी चालेल, तुम्ही चप्पल घालून जा आणि शेवटचं अंतर मोजे घालून करा. जाड सुती मोजे घातलेल्या माणसाला मंदिरात सहसा कुणी अडवत नाही.

धोका दुपारच्या दगडी फरशीचा आहे. माघातलं ऊन इकडं कडक होतं, फरशी तापते आणि बधिर तळवा काही मिनिटांत भाजतो. फोड संध्याकाळी गाडीत बसल्यावर दिसतात. म्हणून दर्शन पहाटे घ्या. गर्दीत चपला बाहेर सोडू नका, पिशवीत घालून बरोबर ठेवा, नाहीतर परतीची वाट अनवाणी होते. जोगुळभावीच्या कुंडात स्नान केलं की पाय नीट पुसा, बेचक्यासुद्धा. रात्री मुक्कामी सून किंवा मुलगा बॅटरी लावून तळवे बघू दे. फोड आला असेल तर फोडायचा नाही, स्वच्छ पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

उपास धरून चालणार असाल तर गोळ्यांचं आधी विचारून ठेवा. काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी शुगर फार उतरते. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा. अशा वेळी उपास धरून बसायचं नाही.

प्रश्न: डावं पाऊल तीन आठवडे सुजलेलं आहे. लाल, गरम. जखम नाही, ताप नाही, दुखणं अगदी कमी. एकदा मुरगळला म्हणून पट्टा दिला, एकदा जंतुनाशक गोळ्या. फरक नाही. एक जण चोळून देतो म्हणतात. शुगर १८ वर्षं.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: चोळून घेऊ नका. हा अंक हातातून खाली ठेवा आणि त्या पायावर भार न देता हाडांच्या किंवा मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा. हे बहुधा शार्को पाऊल आहे. संवेदना गेलेल्या पावलातली हाडं आणि सांधे आतून मोडत जातात आणि माणूस चालत राहतो, कारण दुखत नाही. सुरुवातीला एक्सरेत काही दिसत नाही, म्हणून ‘एक्सरे नॉर्मल आहे’ यावर थांबू नका, एमआरआयबद्दल विचारा. पायातल्या शिरेत गाठ तर नाही ना, हेही बघून घ्यावं लागतं. उपचार म्हणजे प्लास्टर, आणि तेही महिनोन् महिने, दोन्ही पावलांची उष्णता सारखी होईपर्यंत. वेळेत धरलं तर पावलाचा आकार वाचतो. उशीर झाला तर कमान खचून तळवा बाहेर फुगतो आणि मग त्याच फुगवट्यावर जखम होते.

प्रश्न: मिस्टर वडगावात यंत्रमागावर कामाला आहेत, दिवसभर उभं राहून. रात्री तळव्यांची आग होते, चादरसुद्धा सहन होत नाही. थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसतात, कधी बर्फ लावतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी १० वर्षं चालू आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी. साखर सोडून चहात गूळ घालतो, तरी शुगर २०० च्या खाली येत नाही.
(एक गृहिणी, वडगाव, बेळगाव)

उत्तर: गुळापासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. गूळ आणि साखर दोन्ही उसाचीच, शुगर दोन्हींनी वाढते. चहा बिनगुळाचाच घ्या.

आग होणारा पाय आणि बधिर पाय एकच असू शकतो. नस खराब होताना आग, मुंग्या, सुया टोचणं होतं आणि त्याच वेळी बाहेरचा स्पर्श कळेनासा होतो. म्हणून बर्फ लावू नका, बर्फानं कातडी मरते आणि त्यांना कळणार नाही. थंडीत शेगडीजवळ पाय नेणं, गरम पाण्याची पिशवी, हेही नको. अंघोळीचं पाणी आधी तुम्ही कोपरानं बघा.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट शाकाहार आणि १० वर्षांचं मेटफॉर्मिन ही आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानं बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि शाकाहारी माणसाला ते मुळातच कमी मिळतं. बी-१२ कमी झालं तरी पायांची अशीच आग होते. सगळा दोष शुगरवर जातो आणि सहज भरून काढता येणारी कमतरता तशीच राहून जाते. बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या, बरोबर थायरॉइड, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीन. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही करा. बहुतेकांना ती ७ टक्क्यांच्या आसपास हवी, वय आणि इतर आजार बघून डॉक्टर आकडा ठरवतील. शुगर २०० च्या वर राहत असेल तर औषध वाढवायची वेळ झाली आहे, फक्त पथ्यावर ढकलू नका.

आगीसाठी झोपताना घ्यायच्या चांगल्या गोळ्या आहेत, पण त्या मेडिकलमधून मागून आणायच्या नाहीत. त्यानं झोप गुंगीसारखी येते आणि तुमचे मिस्टर सकाळी मागावर उभे राहणार आहेत. कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात. मागाजवळ पायाखाली जाड रबरी मॅट टाकायला मालकांना सांगा, बंद बूट आणि सुती मोजे घालू दे, संध्याकाळी घरी आले की मोजे काढून तळवे बघा. मोज्यावर ओलसर किंवा तांबूस डाग असेल तर त्याच जागी नीट पाहा.

रिपोर्ट येईपर्यंत मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. बी-१२ कमी निघालं तरी बहुतेकदा ते चालूच ठेवून वरून बी-१२ देतात.